तोंडावरची शिवी

आमच्या घरात शिवी चालते. आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना नाक मुरडायचं आहे त्यांनी पहिल्याच ओळीला मुरडून घ्यावं. मी जळगाव जामोदच्या एका शाळेत मराठी शिकवते, सकाळी प्रार्थनेला उभी राहते, शुद्धलेखन घालते, आणि तरीही शिवीच्या बाजूनं बोलते. कुठल्या शिवीच्या, एवढंच काय ते माझं जगाशी भांडण आहे.

हे भांडण माझ्या थोरल्या जाऊबाईंवरून सुरू झालं. वरवट बकालला आमचं एकत्र घर, मागे भाजीचा मळा. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. मला नोकरी लागली तेव्हा माझी लेक अजून पाळण्यात होती. मी सकाळच्या गाडीनं शाळेला निघाले की पोर जाऊबाईंच्या ओटीत जायची आणि संध्याकाळी मी परत येईपर्यंत तिथंच असायची. मळ्यात मेथी उपटताना ती त्यांच्या पाठीला बांधलेली असे. जाऊबाईंना सगळे मुलगेच. पोरगी अशी त्यांच्या वाट्याला हीच आली. लेक त्यांना मोठी आई म्हणते. लहानपणी ताप चढला की ती मला सोडून त्यांना हाक मारायची, आणि मला त्याचं वाईट वाटायचं नाही. वाटलं असतं तर सांगितलं असतं, मी लपवणारी बाई नाही.

जाऊबाई म्हणजे आमच्या भागात शिव्या देण्यात नावाजलेल्या. गावात किंवा आसपास मुलीचं लग्न निघालं की त्यांना बोलावणं यायचं. कारण आमच्याकडे पंगत बसली, नवरदेवाच्या बापाच्या, म्हणजे व्याह्याच्या, ताटात सगळं वाढून झालं, की मुलीकडच्या बायकांनी त्याला गाण्यातून शिव्या द्यायच्या. त्यानं ताटाला हात न लावता ऐकायच्या. गाणं संपलं की उठून गाणारणीच्या हातात पानाचा विडा ठेवायचा आणि मग पहिला घास घ्यायचा. विडा दिला की सोयरीक पक्की.

जाऊबाईंचा आवाज जाड, थोडा फाटलेला. त्या पदर खोचून व्याह्याच्या अगदी समोर उभ्या राहत आणि त्याच्या डोळ्यांत बघून सुरू करत:

“व्याही मोठा पाटलावानी, मिशीले लावते लोणी,
घरी गेल्यावर बायकोपुढे मुकाट भरते पाणी!”

मागच्या बायका लगेच ओरडायच्या, “हाव वं माय, हाव वं!” म्हणजे ‘हो गं माय, हो’. मागून धरायच्या या ओळीला आम्ही दुसरी ओळ म्हणतो. ती धरणाऱ्या नसतील तर गाणं उभंच राहत नाही. व्याह्याचं पोट, त्याची चाल, त्याचा कंजूषपणा, त्याच्या धोतराची गाठ, कशालाच माफी नव्हती. पण मायवरून नाही, बहिणीवरून नाही आणि जातीवरून नाही. विहिणीला मध्ये ओढणाऱ्या जुन्या ओळीही जाऊबाईंनी टाकून दिल्या होत्या. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, “तिनं काय केलं बाप्पा? माजला अशीन तं तो माजला.”

मिशीवाले, पुढारी, सावकारी अंगात असलेले, सगळे व्याही त्या आवाजापुढे मान खाली घालून हसताना मी पाहिले आहेत. जन्मभर ज्यांच्यापुढे बायकांनी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्यांना वर्षातून एखादा दिवस बायका तोंडावर सुनावून घ्यायच्या. मला तर लग्नातला तेवढाच भाग आवडायचा.

आता दुसरी बाजू सांगते. पूर्वी टीव्हीवर कुणी शिवी दिली की टूँ असा आवाज यायचा. आता तो टूँ गेला. संध्याकाळी घरोघरी मालिका लागते, त्यात पोलीस, चोर, प्रेमात पडलेला, नोकरी गेलेला, जो तो आईवरची शिवी देतो, आणि घरातली माणसं जेवता जेवता बघतात. भाजी वाढू का, असं मध्येच विचारतातही. हसायच्या कार्यक्रमात विनोद सुचला नाही की शिवी टाकतात आणि लोक टाळ्या पिटतात. माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा दुसऱ्याला तीच शिवी देऊन त्याच्या गळ्यात हात टाकतो. मी हटकलं तर म्हणाला, “मॅडम, प्रेमानं म्हणतो.” आता मुलीही देतात. मुलींनी शिवी देऊ नये असं म्हणणाऱ्यातली मी नाही. मला राग आहे तो वेगळाच. इतक्या शिकल्या, पुढे गेल्या, आणि शिवी उचलली ती पुन्हा आईचीच! निदान बापावरून तरी एखादी नवी करायची होती.

माझी लेक त्यातलीच. ती शिकायला पुण्याला गेली तेव्हा पहिल्याच महिन्यात होस्टेलवरच्या मुलींनी तिला सांगितलं की तुझं ते ‘काय बे’ फार गावंढळ वाटतं, शिवी दिल्यासारखं. पोरीनं ‘बे’ टाकून दिला. पुढच्या सुट्टीत आली तेव्हा फोनवर मैत्रिणीशी बोलताना दर दोन वाक्यांनी हिंदीतली ती शिवी येत होती, अगदी सफाईनं. मी म्हटलं, आपला ‘बे’ वाईट आणि हे चांगलं, हा न्याय कोणता? ती म्हणाली, “आई, ते नॉर्मल आहे गं. त्याला काही अर्थ नसतो.” मी म्हटलं, अर्थ नसतो तर तोंडात कशाला ठेवायचं?

मग ती तिथंच नोकरीला लागली आणि तिचं लग्न ठरलं. मुलगा पुण्यात तिच्याच ऑफिसात, मूळ घर धाड गावचं. मुलगा चांगला होता, हे मी आजही म्हणते. पहिल्यांदा घरी आला तेव्हा जाऊबाईंच्या पाया पडला, मळा बघितला, वांग्याची भाजी मागून घेतली. जेवताना त्याला मित्राचा फोन आला आणि हसता हसता त्यानं त्या मित्राला आईवरची शिवी दिली. माझा नवरा ताटात बघत राहिला. लेकीला तर ऐकूही आलं नसावं. जाऊबाई मात्र हातातली पोळी तशीच धरून उभ्या राहिल्या.

“कोनाच्या मायले म्हणून राह्यले, बापू?” त्यांनी विचारलं.

“कोणाला नाही, मोठी आई. असंच.”

“असंच?” जाऊबाई म्हणाल्या. “असंच कोनाची माय असते काय?”

तो लाजला, सॉरी म्हणाला, आणि जेवण पुढे सुरू झालं. लेक मात्र हात धुताना माझ्यावर चिडली, की मोठ्या आईनं त्याला परक्यासारखं वागवलं.

लग्नाच्या आधी ती सुट्टी घेऊन आली आणि तिसऱ्याच दिवशी म्हणाली, “आई, पंगतीत ते शिव्यांचं गाणं नको. आमचे ऑफिसचे लोक येणार आहेत. त्याचंही तेच म्हणणं आहे.” जाऊबाई चुलीजवळच होत्या. मी म्हटलं, इथं बोल, त्यांच्यासमोर बोल. तिनं तेच वाक्य त्यांच्यासमोर म्हटलं, जरा हळू आवाजात.

जाऊबाई भाकरी थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, “तुले लाज वाटते काय वं माही?”

“तुझी नाही गं, मोठी आई. गाण्याची.”

“गाणं अन् मी काय दोन आहो?”

त्यानंतर जाऊबाईंनी तो विषय काढला नाही. पण दुसऱ्या दिवशी मला मळ्यात म्हणाल्या, की लग्नाच्या दिवशी त्या घरीच थांबतील, गाई-ढोरांकडे कुणीतरी बघायला पाहिजे. ढोरं! ज्या बाईनं गावभरच्या पोरी गाऊन सासरी पाठवल्या ती स्वतःच्या पोरीच्या लग्नात गोठ्यात बसणार. मी लेकीशी कडाडून भांडले. तिला म्हटलं, तुझ्या संगीताच्या कार्यक्रमात जी गाणी वाजणार आहेत ती मी ऐकली आहेत, त्यात बाईच्या अंगाचा एक अवयव सोडलेला नाही. ती चालतात, आणि एका म्हातारीनं व्याह्याला ढेरपोट्या म्हटलेलं चालत नाही? ती म्हणाली, “ते म्युझिक आहे.” मी म्हटलं, “हे पण म्युझिकच आहे, फक्त डीजे नाही.” दोघी दोन दिवस बोललो नाही. शेवटी मी जाऊबाईंना सांगितलं, तुम्ही आला नाहीत तर मीही गोठ्यात बसेन, मग करा कन्यादान कुणाला करायचं त्याला. तेव्हा कुठे त्या यायला तयार झाल्या. म्हणाल्या, “येतो. तोंडात पान धरून बसतो.”

लग्न जळगाव रोडवरच्या कार्यालयात झालं. अक्षता पडल्याबरोबर डीजे सुरू झाला. दर कडव्याला एक शिवी आणि त्या शिवीवरच सगळ्यांनी उडी मारायची, असं काहीतरी ते गाणं होतं. नवरदेवाचे मित्र नाचत होते, लेकीच्या मैत्रिणी नाचत होत्या. आमचे मुख्याध्यापकसुद्धा हातात रुमाल धरून खांदे उडवत होते. शाळेत कुणी ‘साला’ म्हटलं तरी पालकांना बोलावणारा माणूस! जाऊबाई खांबाला टेकून बसल्या होत्या, नवं लुगडं, गालात पान.

बाकी पाहुण्यांना बुफे होता, पण सोयऱ्यांची पंगत आम्ही टेबल मांडून वेगळी बसवली. व्याह्यांना मधोमध बसवलं. ते धाडचे, मिरचीची शेती असलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. वरण, पोळी, वांग्याची भाजी, बुंदी, सगळं वाढून झालं. त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिले. ते जेवेनात म्हणून शेजारचेही जेवेनात. माझ्या नवऱ्यानं हात जोडले, “घ्या ना.” ते नुसतेच हसले. वांग्यात काही निघालं की काय म्हणून आचारी धावत आला. मुलीच्या लग्नात व्याही जेवत नाही म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

शेवटी तेच बोलले. “काही चुकलं का आमचं?”

“नाही हो, असं काहून म्हणता?” माझा नवरा घाबरला.

“मग एवढी पंगत बसली आन् एक बी शिवी नाही. आम्हाला सोयरे मानलं का परकं? माझ्या बापानं शिव्या खाल्ल्या, माझ्या भावानं खाल्ल्या. वरवटच्या बाईचं नाव धाडपर्यंत ऐकलं. म्हणलं, आता आपली पाळी आली. तर इथं सगळे गप.”

नवरदेव स्टेजवरून उतरून आला होता. तो कानाशी वाकून म्हणाला, “बाबा, मीच नको म्हणून सांगितलं होतं.”

“तू कोण रे नको म्हणणारा? शिव्या मला हायेत का तुला?”

मी तडक खांबापाशी गेले. “बाई, चला. व्याही खोळंबलेत.” जाऊबाई हलल्या नाहीत. पान गालात सरकवून म्हणाल्या, “मले काऊन सांगतं? जिनं मना केलं तिले सांग.” तोवर लेक जड शालू सावरत आली. तिचा चेहरा लाल झाला होता. तिच्या ऑफिसचे लोक मागे उभे होते.

“मोठी आई, म्हण ना,” ती म्हणाली. “एखादं साधं म्हण.”

“साधं मले येत नाही.”

लेकीनं मागे ऑफिसच्या लोकांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, “तुझं म्हण.”

जाऊबाई उठल्या. बाहेर जाऊन पान थुंकून, चूळ भरून आल्या. डीजे बंद करायला लावला. व्याह्यांसमोर उभ्या राहून पदर खोचला तर चारी बाजूंनी मोबाइल वर झाले. त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. “हे खाली ठेवा पहिले. मी याह्यच्या तोंडावर देऊन राह्यली, तुमच्या मोबाइलात नाही.” एक पोरगा हसत हसत व्हिडिओ घेतच राहिला तेव्हा मी जाऊन त्याचा मोबाइल हातातून काढला आणि माझ्या पर्समध्ये टाकला. वर्गात रोज टाकते, मला त्यात नवीन काही नव्हतं.

जाऊबाईंनी मिशीवरच्या लोण्याची ओळ खड्या आवाजात म्हटली. आणि दुसरी ओळ आलीच नाही. दुसरी ओळ धरणाऱ्या त्यांच्या सोबतिणींपैकी दोघी वारल्या होत्या, एक लेकाकडे सुरतला होती. नव्या सुना ओठ मिटून एकमेकींकडे बघत होत्या. जाऊबाई तशाच उभ्या, एक हात कमरेवर, वाट बघत.

बुफेच्या रांगेत मुख्याध्यापक होते, माझ्या विद्यार्थ्यांचे आई-बाप होते. मी सगळ्यांना बघितलं आणि प्रार्थनेला लावते त्या आवाजात ओरडले, “हाव वं माय, हाव वं!” जाऊबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही, लगेच पुढची ओळ उचलली. तिसऱ्या कडव्याला दोन-तीन सुनांनी तोंड उघडलं. व्याह्यांच्या ढेरीपर्यंत गाणं आलं तेव्हा ते डोळे पुसत हसत होते. नंतर उठले, खिशातून विडा काढला आणि वाकून जाऊबाईंच्या हातात ठेवला. विडा ते घरून बांधून घेऊन आले होते.

लेक मात्र स्टेजवर जाऊन बसली होती. गाडीत बसताना ती मोठ्या आईच्या गळ्यात पडून रडली, पण गाण्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. पुढेही नाही. जाऊबाईंना ते लागलं होतं. विडा त्यांनी खाल्ला नाही, देवळीत ठेवून दिला आणि तो तिथंच वाळला.

शाळेत अर्थातच बोभाटा झाला. एक पालक मुद्दाम भेटायला आले. “मॅडम, तुम्ही लग्नात शिव्या गायल्या म्हणे. शोभतं का शिक्षिकेला?” मी म्हटलं, “गायले. तुमच्या घरी कार्य निघालं तर बोलवा, तुमच्याही गाईन.” त्यांचा मुलगा वर्गात दिवसातून दहा वेळा कुणाच्या तरी आईचा उद्धार करतो, हेही सांगितलं. ते म्हणाले, पोरं आहेत, चालायचंच. मला माझ्या बाजूनं आणखी साक्षीदार नको होता.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. रविवारची दुपार. जाऊबाई आणि मी ओसरीवर बाजारासाठी सांभाराच्या जुड्या बांधत होतो. लेकीचा फोन आला. आवाज कोरडा होता.

“आई, मोठी आई आहे का जवळ?”

“आहे. काय झालं?”

“काही नाही. दूध उतू गेलं. माझं लक्ष नव्हतं. तर त्यानं मला ती शिवी दिली. आईवरची. म्हणजे तुझ्यावरची, आई. मी विचारलं, कोणाला म्हणालास? तर म्हणाला, कोणाला नाही, असंच.”

माझ्या अंगाची आग आग झाली. मी या जावयाला वांग्याची भाजी करून घातली होती, त्याच्या आईला लुगडं नेसवलं होतं. मी म्हटलं, “मी आत्ता निघते. रात्रीची गाडी धरते.”

“तू येऊ नको,” लेक म्हणाली. “फोन मोठ्या आईला दे. स्पीकरवर टाक.”

मी फोन सांभाराच्या ढिगावर ठेवला. जाऊबाईंनी सगळं ऐकलंच होतं. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली आणि पदरानं हात पुसले.

“समोर आहे काय तो?” त्यांनी विचारलं.

“समोरच बसवलंय. ताट वाढलंय. हात लावू देत नाही मी त्याला.”

पलीकडून त्याचा आवाज आला, पडलेला. “मोठी आई, माझं चुकलं, मी खरंच सवयीनं...”

“थांबा जावाई,” जाऊबाई म्हणाल्या. “पयले आयका. मंग बोला. लेकी, मोबाइल त्याच्या तोंडापुढं धर.”

“धरलाय.”

जाऊबाई घसा खाकरून ताठ बसल्या. ओसरीवर बसून गाताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते, आणि हे कडवं मी कधी ऐकलं नव्हतं. ते त्यांनी तिथंच रचलं, की धाडच्या पोराला पहिल्यांदा जेवू घातलं त्या दिवसापासून मनात धरून ठेवलं होतं, मला माहीत नाही.

“जावाई मोठा शिकेल-सवरेल, इंग्रजी त्याच्या ओठात,
बायकोसंगं बोलाची अक्कल इसरला कोनत्या खिशात!”

दुसरी ओळ धरायला मी तोंड उघडलं. पण माझ्या आधीच, पुण्याहून, लेकीचा चढा आवाज आला:

“हाव वं माय, हाव वं!”